संगणकाची रोगराई

(द्वितीय वर्ष, कला)

‘संगणकाला व्हायरस लागला’ हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही सहज कानी पडते. आमच्याकडे ‘डाळिंबावर तेल्या पडला’ असे ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात ते म्हटले जाते. म्हणजे यात दोष कोणाचाच नाही. हवाच तशी होती, पाऊस अवेळी झाला, आता काय करणार! परंतु या दोन रोगांत एक मोठा फरक आहे. तेल्याचा जंतू निसर्गाने निर्माण केला. संगणकाचा व्हायरस मात्र कोणा ना कोणा माणसाने, खुर्चीवर बसून, विचारपूर्वक लिहिलेला असतो. तो वाऱ्यावरून येत नाही. त्याला आत येण्यासाठी दार लागते, आणि ही दारे मोजकीच आहेत. ती कोणती व कशी लावून घ्यावीत, हे सांगण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. माझे विषय मराठी आणि इतिहास. दहावीनंतरच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एम.एस.-सी.आय.टी.चा वर्ग केला, तेवढीच माझी पुंजी. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाइल अडकला, वीजबिलाचा आकडा कळेना, बँकेचा कागद इंग्रजीत आला, की ‘ती कॉलेजात आहे, तिला विचारा’ असा हुकूम सुटतो. संगणकाचे खातेही असेच माझ्याकडे आले.

हा संगणक मामांनी जुना विकत घेऊन दिला. त्यावर माझ्या टिपणांपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती म्हणजे आईच्या बचत गटाचा हिशेब. आई आमच्या वाडीतील गटाची सचिव. गटात बारा जणी. कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिले, कोणाचा हप्ता राहिला, हे सारे त्यात आहे. शिवाय बारा जणींच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती आहेत. ‘आपल्यासारख्या गरिबाच्या संगणकात चोराला काय मिळणार?’ असे वडील म्हणतात. हा समज फार पसरलेला आहे आणि म्हणूनच तो आधी खोडून काढला पाहिजे. चोराला आपली गुपिते नको असतात. त्याला आपला संगणक हवा असतो. त्यावरून तो लाखो लोकांना भुरटी पत्रे पाठवू शकतो. आधारची प्रत मिळाली तर दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड वा कर्ज काढण्याचा उद्योग करता येतो. आणि काहीच जमले नाही, तर आपल्याच फायलींना कुलूप घालून किल्लीचे पैसे आपल्याचकडे मागता येतात. बारा जणींचा हिशेब परत मिळावा म्हणून कोणीही थोडेफार पैसे मोजेलच, हे त्याला पक्के ठाऊक असते.

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे थोडा इतिहास सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

१९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ‘एल्क क्लोनर’ नावाचा कार्यक्रम लिहिला. तो अ‍ॅपल कंपनीच्या संगणकांत फ्लॉपीवरून शिरे आणि दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक विनोदी कविता दाखवी. उद्देश मित्रांची फजिती करण्याचा, एवढाच. पुढच्या वर्षी फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने अशा कार्यक्रमांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांना ‘व्हायरस’ हे नाव सुचविले ते त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. नाव चपखलच आहे. देवी किंवा गोवराचा विषाणू जसा स्वतः एकटा काही करू शकत नाही, शरीरातील पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो, तसाच हा दुसऱ्या कार्यक्रमाला चिकटून वाढतो.

१९८६ मधील ‘ब्रेन’ची हकिगत मला सर्वांत मौजेची वाटते. तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या दोन भावांनी लिहिला. त्यांनी तयार केलेल्या वैद्यकीय कार्यक्रमाच्या लोक चोरून प्रती काढत, त्यांना अद्दल घडावी म्हणून आपण तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी व्हायरसमध्ये चक्क स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते! फ्लॉपी हातोहात फिरत परदेशांत गेल्या आणि तेथून त्यांना फोन येऊ लागले. नाव-पत्ता देणारा चोर पुन्हा झाला नाही, असेच म्हणावे लागेल.

येथपर्यंत सारा खेळ होता. १९८९ साली त्यात पैसा शिरला. त्या वर्षी एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने अनेक देशांतील लोकांना पाठविण्यात आल्या. फ्लॉपी वापरल्यावर संगणक नव्वद वेळा नीट चाले, आणि मग सर्व फायलींची नावे उलटीसुलटी होऊन पडद्यावर मागणी येई की १८९ डॉलर पनामा देशातील टपालपेटीवर पाठवा. आज ज्याला ‘रॅन्समवेअर’ म्हणजे खंडणीखोर कार्यक्रम म्हणतात, त्याचा हा मूळ पुरुष. टपालपेटीच्या जागी पुढे बिटकॉइन आले, बाकी युक्ती तीच.

आणि मग ४ मे २००० चे ते प्रेमपत्र. त्या दिवशी जगभर लोकांना ई-मेल येऊ लागल्या. विषय होता, ‘आय लव्ह यू’. सोबत एक फाइल जोडलेली. नाव असे की वाटावे, हे साधे मजकुराचे पत्र आहे. येथे एक गोम होती व ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी टिंबानंतर एक शेपूट असते. ते शेपूट सांगते की ही फाइल कोणत्या जातीची : मजकूर, चित्र, गाणे, की चालणारा कार्यक्रम. विंडोज हे शेपूट वाचकाला त्रास नको म्हणून लपवून ठेवते. त्या प्रेमपत्राला दोन शेपट्या होत्या. पहिली ‘टीएक्सटी’, म्हणजे मजकुराची, ती दिसे. दुसरी ‘व्हीबीएस’, म्हणजे कार्यक्रमाची, ती लपलेली राही. उघडणाऱ्याने पत्र म्हणून उघडावे आणि आत कार्यक्रम सुरू व्हावा! तो फोटो आणि इतर फायली नासवी आणि त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला तेच प्रेमपत्र त्याच्याच नावाने धाडी. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र कोण उघडणार नाही? लिहिणारा होता मनिला येथील ओनेल द गुझमान नावाचा तरुण. त्याला शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा फिलिपाइन्समध्ये या गुन्ह्याला लागू पडणारा कायदाच नव्हता.

पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की तीच युक्ती आज आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे. लग्नसराईत लग्नपत्रिका म्हणून फाइल येते. तिचे शेपूट पीडीएफचे किंवा चित्राचे नसते, ‘एपीके’ असे असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारे अ‍ॅप. पत्रिका कधी अ‍ॅप नसते. ती दाबली, वर ‘परवानगी द्या’ला होकार दिला, की फोनवरचे संदेश आणि त्यांतील बँकेचे ओटीपी तिसऱ्याच्या हाती. वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणूनही अशाच फायली येतात. प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, शेपूट पाहण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागली नाही. संगणकावर हे शेपूट दिसते करणे अगदी सोपे आहे. फायलींची खिडकी उघडावी, वरच्या ‘व्ह्यू’मध्ये जावे आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ या चौकटीत खूण करावी. शेवटी ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘जेएस’, ‘एससीआर’ किंवा ‘बीएटी’ असे काही दिसले आणि पाठविणारा ते पत्र वा फोटो आहे म्हणत असला, तर तो खोटे बोलतो आहे, किंवा त्याच्या नावाने दुसरा कोणी बोलतो आहे.

जातींविषयी थोडक्यात सांगते. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. ‘वर्म’ म्हणजे किडा. त्याला चिकटण्याची गरज नसते, तो जाळ्यातून स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात सरकतो. ‘ट्रोजन’ हे नाव ट्रॉय शहरात शिरलेल्या ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून पडले. वरून भेटवस्तू, आत शत्रू. ‘स्पायवेअर’ म्हणजे हेर. तो काही मोडत नाही, गुपचूप पाहतो आणि कळवितो. प्रत्यक्षात आजचे बरेचसे उपद्रवी कार्यक्रम यांपैकी दोन-तीन सोंगे एकदमच घेतात, त्यामुळे नावांचा घोळ फार घालू नये.

आता आपल्याकडील सर्वांत मोठे दार. ते इंटरनेट नव्हे, तर पेनड्राइव्ह. शहरातील लेखक इंटरनेटविषयी पुष्कळ लिहितात. पण आमच्या भागात छापायचे काही असले की माणूस पेनड्राइव्ह खिशात टाकून झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानातल्या एकाच संगणकात दिवसभरात कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. एकाच सुईने सगळ्या गावाला इंजेक्शन देण्यासारखाच हा प्रकार.

मागच्या जूनमध्ये बँकेकडून गटाची तपासणी व्हायची होती. पत्रके छापून आणण्यासाठी चुलतभाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेला. परत आल्यावर आईने तो लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. फोल्डर उघडत होते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. दोन दिवसांनी संगणकाच्या अँटिव्हायरसने काहीतरी पकडल्याचे सांगितले, आणि त्यानंतर पेनड्राइव्ह उघडला तो रिकामा! त्यावर महिनाभराच्या नव्या नोंदी होत्या. आईचा चेहरा उतरला. झेरॉक्सवाल्याचे मत पडले की ‘फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही.’ आमच्या वर्गाच्या सरांना फोन केला तेव्हा ते पहिले वाक्य बोलले, ‘फॉरमॅट करू नका, काही गेलेले नाही.’

आणि खरोखरच काही गेले नव्हते. याला लोक ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. तो आपली खरी फोल्डरे पुसत नाही. त्यांच्यावर ‘लपलेले’ आणि ‘यंत्रणेचे’ अशा दोन खुणा मारतो, म्हणजे विंडोज ती दाखवत नाही. मग त्याच नावाचे तोतये फोल्डर, म्हणजे शॉर्टकट, तेथे ठेवतो. आपण तोतयावर दाबले की आधी व्हायरस चालू होतो आणि लगेच खरे फोल्डर उघडून दिले जाते. म्हणून संशय येत नाही. अँटिव्हायरस येऊन तोतयांना हाकलतो, पण खऱ्यांवरची खूण तशीच राहते. माणसाला वाटते, सगळे गेले. मग तो घाबरून फॉरमॅट करतो, आणि जे व्हायरसने केले नाही ते स्वतः करून मोकळा होतो.

उपाय क्रमाने करावा लागतो. प्रथम संगणकाची अँटिव्हायरसकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी, नाहीतर आपण इकडे साफ करावे आणि तिकडे पुन्हा लागण व्हावी. नंतर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा द्यावी : अ‍ॅट्रिब, वजा एच, वजा आर, वजा एस, तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी, आणि शेवटी पेनड्राइव्हचे अक्षर, दोन टिंबे, उलटी तिरकी रेघ, तारांकन-टिंब-तारांकन. प्रत्येक तुकड्यामध्ये एक जागा सोडावी. वजा एच म्हणजे ‘लपलेले’ ही खूण काढ, वजा एस म्हणजे ‘यंत्रणेचे’ ही खूण काढ. ड्राइव्हचे अक्षर मात्र नीट पाहून घ्यावे. ही आज्ञा पेनड्राइव्हसाठी आहे, संगणकाच्या सी ड्राइव्हवर ती चालवू नये. अर्ध्या मिनिटात सारी फोल्डरे परत दिसू लागली. आईने आधी मे महिन्याचे पत्रक उघडून वहीशी ताडून पाहिले, मगच चहा केला.

पूर्वी पेनड्राइव्ह लावताक्षणीच त्यावरील कार्यक्रम आपोआप सुरू होई. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही ती सोय बंद करणारी सुधारणा दिली, त्यामुळे आता सहसा आपले बोट लागल्यावाचून काही होत नाही. तरीही दुकानात न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा हे बरे. आमच्याकडे आता एक जुना, कमी जागेचा पेनड्राइव्ह ‘बाहेरचा’ म्हणून ठरविला आहे. त्यावर छापायची तेवढीच फाइल, तीही पीडीएफ करून न्यायची. हिशेबाचा पेनड्राइव्ह उंबऱ्याबाहेर जात नाही. आधारची प्रत देताना ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात अशी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. ती चालत असेल तेथे तीच द्यावी. आपले काम झाल्यावर दुकानाच्या संगणकातून फाइल पुसायला सांगायला लाजू नये. मी सांगते. दुकानदार जरा रागाने पाहतो, पण पुसतो.

दुसरे दार म्हणजे चोरीचा माल. हे लिहिताना जपून लिहावे लागते, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तो आहे. आमचा संगणक ज्याने दुरुस्त करून दिला त्या दुकानदाराने त्यात विंडोजची चोरटी प्रत घातली होती आणि ती चालावी म्हणून एक ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. तो म्हणाला होता, ‘हे टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवायचा असतो.’ वाचकहो, या वाक्याचा अर्थ नीट पाहा. पाहुणा घरात येण्यापूर्वी राखणदाराला खोलीत कोंडा, असा तो निरोप आहे! असल्या अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये हेर लपविणे हा जुना धंदा आहे. मी दुकानदाराला एकट्याला दोष देत नाही. अस्सल विंडोजची किंमत आमच्या अख्ख्या जुन्या संगणकाइतकी भरते, ती गिऱ्हाईक देत नाही. आणि फुकट व कायदेशीर असे काही मिळते, हे त्याला सांगूनही गिऱ्हाईक ऐकत नाही. तीच गोष्ट फुकट सिनेमा, फुकट खेळ आणि ‘संगणक वेगवान करा’ म्हणणाऱ्या कार्यक्रमांची. ज्याचे त्याचे मूळ संकेतस्थळ सोडून दुसरीकडून काहीही उतरवून घेऊ नये.

आता राखणदाराविषयी. अँटिव्हायरस दोन रीतींनी काम करतो. एक म्हणजे त्याच्याजवळ ठाऊक असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते, पोलीस ठाण्यातल्या बोटांच्या ठशांसारखी. प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. यादी जुनी झाली की नवा चोर ओळखता येत नाही. म्हणून ती रोज ताजी व्हावी लागते. दुसरी रीत वागणुकीवरून ओळखण्याची. एखादा कार्यक्रम एकाएकी शेकडो फायलींना कुलपे घालू लागला, तर तो यादीत नसला तरी त्याला अडवायचे. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस २०१२ पासून, म्हणजे विंडोज ८ पासून, आतच बसविलेला येतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो, असे माझे मत झाले आहे. मात्र दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक रडत चालतो.

येथे एका मराठी घराची कथा सांगितलीच पाहिजे. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. शिक्षण दहावीवर थांबले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणक शिकविला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसच फार, हे पाहून संजय यांनी ते काढण्याचे कार्यक्रम लिहिले, आणि १९९५ च्या सुमारास त्यांतून ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस बाजारात आला. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. एका बाजूला लाहोरचे दोन भाऊ व्हायरस लिहिणारे आणि दुसऱ्या बाजूला रहिमतपूरचे दोन भाऊ तो काढणारे, ही जोडी मला फार आवडते. शिक्षण दहावीवर थांबले, हा भाग मी वडिलांना मुद्दाम सांगितला नाही. ते लगेच माझी फी मोजू लागतील.

तिसरे दार म्हणजे जुनेपणा. विंडोजसारख्या प्रचंड कार्यक्रमात फटी राहतातच. त्या सापडतील तशा बुजविण्यासाठी ‘अपडेट’ येतात. आपण ‘नंतर आठवण करा’ म्हणून ते पुढे ढकलतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने अशीच एक फट बुजविणारी सुधारणा दिली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर किडा त्याच फटीतून सुटला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या तरुणाच्या लक्षात आले की हा किडा पसरण्यापूर्वी एका अस्तित्वात नसलेल्या संकेतस्थळाला हाक मारतो. त्याने दहा-अकरा डॉलर भरून ते नाव नोंदविले. हाकेला ओ मिळताच किडा थांबला! पण पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इतर वाटांबरोबर तीच फट वापरली, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. बुजविलेली फट उघडी ठेवणारे पुष्कळ होते, एवढाच त्याचा अर्थ.

स्पॅम, म्हणजे न मागितलेले टपाल, ३ मे १९७८ रोजी सुरू झाले असे मानतात. त्या दिवशी गॅरी थुअर्क या संगणकविक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली. आज त्याचा पूर आहे, पण ई-मेल देणारे स्वतःच बहुतेक गाळ अडवितात, त्यामुळे ओळखीचा नसेल त्याला उत्तर देऊ नये, दुवा दाबू नये आणि ‘तुम्हांला बक्षीस लागले’वर हसून पुढे जावे, एवढे पुरे. एक मात्र सांगते. ‘आम्हांला पत्र नको’ असे कळविण्याचा दुवा अनोळखी भुरट्या पत्रात दाबू नये. त्याने फक्त इतकेच कळते की हा पत्ता जिवंत आहे.

हेराची लक्षणे अशी : ब्राउझरचे पहिले पान आपण न बदलता बदलणे, कोपऱ्यात जाहिराती उगवणे, न मागितलेली ‘एक्स्टेन्शन्स’ दिसणे. पुष्कळदा हा खरा व्हायरस नसतोच. कोठल्यातरी संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले आणि घरातल्या कोणीतरी ‘अलाउ’ दाबले, एवढेच झालेले असते. ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून ते काढून टाकता येते. पण पासवर्डाची अक्षरे टिपणारा हेर गुपचूप असतो, त्याची लक्षणे दिसत नाहीत. म्हणून ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगवेगळे असावेत व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी; अक्षरे टिपली गेली तरी दुसरे कुलूप उरते. घरात लहान भावंडे असतील तर संगणकावर त्यांच्यासाठी साधे खाते वेगळे उघडून द्यावे. त्या खात्यातून नवीन कार्यक्रम बसविताना मालकाचा पासवर्ड मागितला जातो.

आणि पडद्यावर एकाएकी लाल चौकट येऊन भोंगा वाजू लागला, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे आले, तर तो व्हायरस नव्हे, ती नुसती जाहिरातीची पाटी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधी नसतो. ब्राउझर बंद करावा. होत नसेल तर संगणकच बंद करावा. फोन केला तर पलीकडचा गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो.

इतके करूनही घात होऊ शकतो. त्यावर एकच खात्रीचे औषध, ते म्हणजे प्रत. जाणकारांचा ठोकताळा असा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. आमची एक प्रत संगणकात, दुसरी घरच्या पेनड्राइव्हवर, तिसरी गटाच्या अध्यक्षा असलेल्या मावशींच्या घरी. प्रत काढून झाली की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा, कारण लावलेल्या पेनड्राइव्हला खंडणीखोर संगणकाबरोबरच कुलूप घालतो. आईची वही ही चौथी प्रत. ‘वहीला व्हायरस लागत नाही, फार तर वाळवी लागते,’ असे ती म्हणते, आणि यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

लागण झालीच तर प्रथम इंटरनेट तोडावे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. खंडणी देऊ नये. दिल्याने किल्ली मिळेलच असे नाही. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते गोठविता आले तरच काही हाती लागते. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर संगणक साफ करण्याची साधने फुकट मिळतात, हे केंद्र २०१७ साली सुरू झाले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने व्हायरस सोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मनिलाच्या त्या तरुणाला मिळालेली सूट येथे मिळत नाही.

राहता राहिला आमच्या संगणकाचा प्रश्न. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नाव नोंदविणाऱ्यांना आणखी एक वर्षाची मुदत देण्यात आली, पण चोरट्या प्रतीला ती कशी मागणार? विंडोज ११ ला जे नवे चिप लागतात ते आमच्या जुन्या यंत्रात नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या मदतीने आम्ही त्यावर लिनक्स बसविले. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, त्याच्या सुधारणा वेळेवर येतात, आणि पेनड्राइव्हवरचे ते शॉर्टकटवाले तोतये विंडोजसाठी लिहिलेले असल्याने तेथे चालत नाहीत. गटाची पत्रके लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. जुन्या फाँटमध्ये टंकलेली काही मराठी पत्रे मात्र गिचमिड दिसतात. ती युनिकोडमध्ये नव्याने टंकावी लागत आहेत. आतापर्यंत अकरा झाली, सात राहिली आहेत.